चुलीतला टिपकागद

अण्णा,

परवा सोनाराच्या दुकानात नातीसाठी पाटल्या घेतल्या. हिशेब झाला तसा काउंटरवरचा मुलगा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजी, दोन लाखांच्या वर कॅश चालत न्हाई. सरकारचा नियम हाय. पॅन कार्ड द्या आन् चेक द्या." नियम बरोबर आहे. मी जन्मभर बँकेत नोकरी केली. मोठी रक्कम कागदावर आली पाहिजे, हे मीच किती जणांना सांगितलं असेल. पण शेजारी बसलेल्या दोन बायकांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला तुम्ही आठवलात. त्या मुलाची चूक नव्हती. त्याला नियम शिकवला होता, आवाज कुणी शिकवला नव्हता. मी चेक लिहिला, सही केली आणि घरी आले. तेव्हापासून तुमच्याशी बोलते आहे. आज लिहायला बसले.

लोकांचे अर्ज लिहून द्यायची तुमची जागा जालन्याच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली. वर पत्र्याचा एक तुकडा, पुढे उतरतं मेज, दौत, टाक, कोऱ्या कागदांवर ठेवलेला गुळगुळीत दगड. मेजासमोर एकच पोतं अंथरलेलं. इतर अर्जनवीस बाकडी ठेवायचे, कारण खेड्यातला माणूस एकटा येत नाही, चार जण बरोबर आणतो. तुम्ही त्या चौघांना रस्त्यापलीकडे चहाच्या हॉटेलात पाठवायचात. एकच पोतं का, असं मी एकदा विचारलं होतं. "एका टायमाला एकाचंच ऐकू येतं मला," म्हणालात. तुमचे कान उत्तम होते. लिहून झालं की त्या माणसाला हलक्या आवाजात दोनदा वाचून दाखवायचात, त्यानं मान हलवली की टिपकागद दाबायचात. निजामाच्या काळात सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, तरी तुमचं मराठी अक्षर असं की कचेरीतले कारकून अर्ज न वाचता आधी अक्षर पाहायचे.

संध्याकाळी घरी आलात की कोटाच्या खिशातून दिवसभराचा टिपकागद निघायचा आणि आईच्या हातात जायचा. आई त्यावर चूल पेटवायची. रॉकेल महाग म्हणून ती असं करते, असं मला लहानपणी वाटायचं. पुढे कधीतरी तुम्ही सांगितलंत, "शाई उलटी उमटते, पण उमटते. आरसा धरला की कोणीबी वाचील." भाऊबंदकी, पळून गेलेल्या सुना, दडवलेली जमीन, नाकारलेली मुलं, सगळं रोज त्या कागदावर उलटं उमटायचं आणि दिवेलागणीला जळायचं. आई म्हणायची, "अख्ख्या तालुक्याच्या भानगडीवर आपली भाकर भाजते. म्हणून फुगती बघ."

मला बँकेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला टिपकागदाचा एक नवा ताव दिलात, चौपदरी घडी घालून. मी हसले. म्हटलं, बँकेत मिळतो की. "मिळू दे," म्हणालात. "हा आपला आहे." तो मी वापरला नाही. अजून आहे.

१९७८ सालचा जानेवारी. आकाशवाणीवर सांगितलं की हजार, पाच हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा यापुढे चालणार नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी मोजक्या दिवसांत फॉर्म भरून बँकेत द्याव्यात. नोट कोणाची, कोणाकडून आली, कधी आली, घरात का ठेवली, हे सगळं फॉर्ममध्ये लिहायचं. बातमी संपली आणि तुम्ही बराच वेळ रेडिओकडे पाहत राहिलात. सकाळपर्यंत जो पैसा होता तो एका वाक्यानं कागद झाला होता. मला ते भयंकर आणि भव्य वाटलं. बँकेत असूनही मी तोवर हजाराची नोट पाहिली नव्हती. आई म्हणाली, "केवढी असती गं? परातीएवढी?" तुम्ही हसला नाहीत. "नोट गेली तर गेली," म्हणालात. "पण आता प्रत्येकाला सांगावं लागंल."

दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या आणि तुमच्या पोत्यापुढे रांग होती. काळ्या बाजारवाल्यांची नव्हती ती, त्यांचे वकील होते. ही एकेका नोटेची माणसं. उतरंडीच्या तळातून, देवळीतून, लुगड्याच्या घडीतून काढलेली एक नोट घेऊन आलेली. मी तुमचा डबा घेऊन आले तेव्हा पोत्यावर एक बाई बसली होती. वडीगोद्रीची, चाळिशीची, विधवा. तिचा दीर रस्त्यापलीकडे हॉटेलात बसून तुमच्याकडे टक लावून पाहत होता. हायवेला त्याचं दुकान होतं. मी जवळून गेले तेव्हा तो हॉटेलवाल्याला सांगत होता, "भावाचा पैसा हाय माझ्या. चार वर्सं झाले भाऊ जाऊन, आन् ही आत्ता नोट काढून राह्यली. घरात ठेवून घरालाच पत्ता न्हाई." बाई तुमच्याशी काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही लिहीत होता. तिचे ओठ हलत होते आणि हात पदरात होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बँक उघडली. काउंटरवर मी. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, सही असेल तर फॉर्म पाहून घ्या, अंगठा असेल तर आधी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा, मग समोर अंगठा घ्या. नियम निरक्षर माणसाच्या रक्षणासाठी होता. त्याच्या नावावर कुणी भलतंच लिहू नये म्हणून. मी तो अगदी मनापासून पाळला. हसनाबादचे एक म्हातारे पहिल्या पाच-सात जणांत होते. गर्दीचा गोंगाट होता म्हणून मी उभी राहून खणखणीत वाचलं. बैलजोडी विकून आलेली रक्कम, थोरल्या मुलाला कळू नये म्हणून जात्याखाली ठेवली, धाकट्या लेकीला द्यायची आहे. थोरला मुलगा म्हाताऱ्याच्या मागेच उभा होता. "मला म्हन्ले बैलाचा पैसा सरला," तो म्हणाला, मला नाही, सगळ्या रांगेला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. म्हाताऱ्यानं अंगठा दिला आणि शाई लागलेल्या अंगठ्याकडे पाहत राहिला. आमच्या शिपायानं मला नंतर सांगितलं, बापलेक एका बसनं आल्ते, गेले दोन बसनं.

हे सगळं मी त्या संध्याकाळी चुलीपुढे सांगितलं. हसत सांगितलं, अण्णा. एवढ्या गर्दीत माझा आवाज कसा शेवटपर्यंत गेला, साहेबांनी कशी शाबासकी दिली, हे सांगायचं होतं मला. तुम्ही घास खाली ठेवलात.

"वाचलंस ते बराबर," म्हणालात. "ऐकलं कोणी?"

"नियमच आहे, अण्णा."

"नियमानं म्हाताऱ्याला ऐकवायला सांगितलं. गावाला ऐकवायला सांगितलं का?"

तुम्ही आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मी भांडले असते. मग तुम्हीच विचारलंत, "आन् सही करणाऱ्याचं काय?"

"त्याला वाचून दाखवत नाहीत. सही आली म्हणजे वाचता येतं असं धरतात."

"फक्त सही?"

"फक्त सही."

तुम्ही हात धुतलेत. आईनं विचारलं, भाकर का ठेवली पानात. "पोट भरलं," म्हणालात. तेव्हा मला ते रागाचं वाटलं. माझ्या त्या दोन शब्दांवर तुमचं मन लागलं होतं, हे मला कळलं नाही.

वडीगोद्रीच्या बाईचा नंबर त्या दिवशी लागला नव्हता. ती आणि दीर जुन्या जालन्यात नातेवाइकाकडे उतरले होते. मुदतीचा एकच दिवस मध्ये उरला होता. त्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत कचेरीवरून गेले तर तुमच्या पोत्यापुढे रांग नव्हती. तुम्ही रांग दुसऱ्या अर्जनवीसाकडे पाठवली होती. त्या दिवसांत तुम्ही महिन्याची कमाई केली असती. पोत्यावर ती बाई होती आणि तुमच्या दोघांच्या मध्ये मातीचा एक चौकोन हातानं साफ केलेला होता. तिच्या हातात काडी होती. ती काहीतरी गिरवत होती आणि तुम्ही हात मागे बांधून खाली वाकून पाहत होता. दीर पलीकडून ओरडला, "काय चाल्लंय, मुनशीजी? फॉर्म तर परवाच लिव्हला ना?" तुम्ही वर न पाहता म्हणालात, "बाईंचं काम बाकी आहे. चहा घ्या अजून एक." त्यानं घेतला. मी थांबले नाही. मला वाटलं, ती तुम्हाला शेताची हद्द काढून दाखवते आहे.

त्या संध्याकाळी तुम्ही उशिरा आलात. बोटं शाईनं माखलेली. आईनं विचारलं, आज काय अख्खी कचेरी लिहिली का? "बिलकुल छोटं काम," म्हणालात आणि न जेवता आडवे झालात.

शेवटचा दिवस. रांग रस्त्यापर्यंत. बाराच्या सुमारास ती काउंटरवर आली. मागे दीर. तिनं नोट आणि फॉर्म पुढे केला. हजाराच्या नोटा मी तोवर बऱ्याच पाहिल्या होत्या, तरी हात थबकला. माझ्या पगाराच्या दुपटीएवढी, आणि आता काहीच नसलेली. फॉर्म तुमच्या अक्षरात होता. मी वाचला. वाचणं माझं कामच होतं. दीर म्हणत होता तसा तो पैसा त्याच्या भावाचा नव्हता. बाईचा होता. तिला तो कुणी दिला, कशाबद्दल दिला, आणि मुलीला नर्सिंगला घालण्यासाठी तिनं तो कसा जपला, हे सगळं तुम्ही लिहिलं होतं. देणाऱ्याचं नाव लिहिलं होतं. एक अक्षर लपवलं नव्हतं, एक अक्षर फिरवलं नव्हतं. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. पण ते नाव मी त्या गर्दीत मोठ्यानं वाचलं असतं तर त्या माणसाला आणि तिला वडीगोद्रीत राहता आलं नसतं, आणि पोरीचं शिकणं त्या काउंटरवरच संपलं असतं.

खाली अंगठ्याची जागा मोकळी होती. त्या जागेशेजारी सहीच्या रेघेवर बाईनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "टाक द्या, बाई."

"टाक कशाला?" दीर म्हणाला. "अंगठा घ्या हिचा. अनपढ हाय ती. आन् वाचा जोरात, काल त्या म्हाताऱ्याचं वाचलं तसं. आम्हालाबी कळू द्या आमच्या घरचं."

वाचलं होतं मी परवा, काल नाही. रांगेत ते दोन दिवसांत गोष्ट होऊन पसरलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "वाचा, वाचा." लोकांना मजा हवी होती.

मी टाक दिला. तिनं तो शाईत बुडवला, दौतीच्या काठावर निथळला, अगदी तुम्ही निथळता तसा, आणि लिहायला लागली. अण्णा, माणसाला आपलं नाव लिहायला किती वेळ लागतो? मी हजारो सह्या पाहिल्या. माणसं बोलता बोलता करतात, दुसरीकडे पाहत करतात. ती पहिल्या अक्षराची काठी ओढते आहे आणि तिचा सगळा उजवा हात खांद्यापासून हलतो आहे. कपाळाला घाम आहे. एका वळणाशी ती थांबते, डोळे मिटते, आणि डाव्या हाताचं बोट काउंटरच्या लाकडावर फिरवून पाहते, मातीत फिरवल्यासारखं. मग तेच कागदावर. रांगेतला आवाज हळूहळू उतरला. पोस्टातून आलेला माणूस, मोंढ्यातले आडते, पोरं, सगळे पुढे वाकून पाहत होते. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. शेवटी वर रेघ. रेघ वाकडी गेली, पण पुरी गेली. सरकारनं एका वाक्यात नोट मारली होती ते मला चार दिवसांपूर्वी फार मोठं वाटलं होतं. हे त्याहून मोठं होतं आणि ते दोन बोटं रुंदीच्या जागेत चाललं होतं.

दीर तिच्या हाताकडे पाहत होता. "कधी शिकली तू?" त्यानं विचारलं.

"काल," ती म्हणाली. "तुम्ही चहा पिऊन राह्यले व्हते तव्हा."

रांग हसली. पण त्या हसण्यात तिच्याविरुद्ध काही नव्हतं.

"हे न्हाई चालत," दीर मला म्हणाला. "नाव आलं म्हंजे वाचता येतं का? विचारा तिला. वाचता येतं का विचारा."

ते विचारायला हवं होतं, अण्णा. नियमात तसं स्पष्ट नव्हतं, पण शंका असेल तर विचारावं असं साहेबांनी सांगितलं होतं. तिनं खोटं सांगितलं असतं तर मी ते लिहून घेतलं असतं, आणि खरं सांगितलं असतं तर मला उभं राहून वाचावं लागलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं टाक अजून सोडला नव्हता. मी तिला विचारलं, "सही तुमची?"

"माझीच."

"मजकूर माहीत आहे?"

"दोनदा ऐकलाय," ती म्हणाली. "मीच सांगितलाय."

मी शिक्का मारला. सहीवर टिपकागद दाबला, फॉर्म घडी करून साहेबांच्या पाकिटात टाकला आणि पावती तिच्या हातात दिली. सरकारनं विचारलेलं सगळं सरकारला कळलं होतं. दिरानं पाकिटाकडे पाहिलं, मग बाहेर निघून गेला. ती मागे गेली नाही. बाकावर बसून पावतीवरचं आपलं नाव शोधत राहिली, आणि ते सापडलं ते मला काउंटरवरून दिसलं.

संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं, "वडीगोद्रीच्या बाईंची सही चांगली होती." तुम्ही चुलीकडे पाहत म्हणालात, "हो का?" एवढंच. आईनं पानात दुसरी भाकर टाकली आणि तुम्ही ती खाल्लीत.

चौकशी होऊन पैसे तिच्या नावावर जमा व्हायला काही महिने गेले. जमा झाले तेव्हा ती एकटी आली, औरंगाबादच्या नर्सिंग शाळेच्या नावानं चेक लिहून घेतला आणि सही केली. या वेळी डोळे मिटले नाहीत. पुढची सही पाहिली तेव्हा अक्षर सुधारलं होतं. मुलगी शिकली. कुठे नोकरीला होती ते मला माहीत आहे, पण ते तुम्ही मला विचारलं नसतं.

तुम्ही गेलात तेव्हा तेरा दिवस खेड्यापाड्यांतून माणसं येत होती. कुंभार पिंपळगावाहून दोन भाऊ आले. जन्माचं वैर, पण एकाच बसनं आले. प्रत्येक जण आईला बाजूला घेऊन हळूच म्हणायचा, "माझं एक त्यांना ठावं होतं." प्रत्येकाला वाटत होतं की फक्त त्याचंच. आई मान हलवायची. तिला एकाचंही ठाऊक नव्हतं. मी तुमची पेटी उघडली. तीस वर्षांच्या अर्जांची एखादी नक्कल, एखादी वही, एखादी नोंद असेल असं वाटलं होतं. दौत होती, दोन टाक होते आणि टिपकागदाचे कोरे ताव. मी त्या पेटीपुढे किती वेळ बसले ते आठवत नाही. एवढं सगळं एका माणसात होतं आणि तो माणूस ते घेऊन गेला, कुठेही डाग न पाडता. देवळात जाऊनही मला कधी तसं वाटलं नाही.

एक सांगायचं राहिलं. ज्या संध्याकाळी तुम्ही शाईच्या बोटांनी आलात आणि न जेवता आडवे झालात, त्या संध्याकाळी टिपकागद आईच्या हातात गेला नाही. तुम्ही तो चुलीजवळ ठेवलात आणि आई पाण्याला गेली. मी तो उचलला. बाईचं गुपित काय आहे ते मला पाहायचं होतं. तुम्ही आदल्याच दिवशी मला एवढं बोलला होता, तरी पाहायचं होतं, किंवा म्हणूनच. मी कोनाड्यातला आरसा काढला आणि कागद त्याच्यासमोर धरला. त्यावर कुठलाही मजकूर नव्हता. फक्त तिचं नाव होतं. वरपासून खालपर्यंत, एकावर एक, मोडलेलं, तुटलेलं, मग जरा बरं, मग पुन्हा मोडलेलं. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. आईच्या पायांचा आवाज आला तसा मी तो चुलीत घातला आणि काडी ओढली.

म्हणून दुसऱ्या दिवशी काउंटरवर मला माहीत होतं की तिला त्या नावापलीकडे एक अक्षरही येत नाही. वाचता येतं का, हे मी विचारलं नाही ते विसरून नाही. तुम्हाला वाटलं असेल मी नियमानं वागले. तुमचा तो समज मी तुम्ही असेपर्यंत तसाच ठेवला.

हे पत्र शाईनं लिहिलं आहे. शाई टिपायला तुमचा चौपदरी ताव आज पहिल्यांदा उघडला. पत्राच्या मधल्या एका पानावर मी त्या बाईचं नाव लिहून गेले होते, पाहावं म्हणून, कसं दिसतं ते. ते पान वेगळं काढलं आहे. टिपकागदही. घरात आता चूल नाही. गॅसवर धरते.